नळीची लांबी आणि अकरा सेकंद

नोकरीनिमित्त मी काही वर्षे अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहत होतो. शेजारी ड्रॅग रेसिंगचा वेडा. ड्रॅग रेस म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, आधी कोण कापतो याची शर्यत. त्याची गाडी हे अंतर अकरा सेकंदांत कापायची. मी पडलो इंजिनिअर. एकदा म्हणालो, "तुमच्या इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड मी करून देतो."

मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटरकडून हवा-पेट्रोलचे मिश्रण प्रत्येक सिलिंडरला पोचवणाऱ्या नळ्यांचा संच. आपल्याला वाटते, नळी जितकी मोठी तितकी हवा जास्त. तसे नसते. पिस्टन हवा खेचतो तेव्हा नळीत दाबाची लाट उठते, उघड्या तोंडाशी जाऊन उलटते आणि परत येते. व्हॉल्व्ह मिटण्याच्या सुमारास ती पोचली, तर जादा हवा आत ढकलते. वेळ चुकली की तो फायदा गेला. मिनिटाला ६००० फेऱ्या असताना पिस्टनला खाली जायला ५ मिलिसेकंद मिळतात, ८००० ला चारही नाहीत. लाट मात्र ध्वनीच्याच वेगाने चालते. म्हणून फेऱ्या जास्त, तर नळी आखूड.

हे शास्त्र तिथल्याच मातीतले. क्रायस्लर कंपनीतल्या तरुण इंजिनिअरांच्या 'रॅमचार्जर्स' क्लबने १९५९ मध्ये १९४९ सालची एक प्लिमथ गाडी उंच नळ्या बसवून शर्यतीत उतरवली होती. १९६० मध्ये कंपनीने विक्रीच्या काही गाड्यांना सुमारे ७६ सेंटिमीटरच्या नळ्या दिल्या. त्या मधल्या वेगाला जोर देत. अधिक वेगासाठी दुसरा प्रकार होता. बाहेरून तसाच, पण नळ्यांमधली भिंत आतून काही भागात काढलेली, त्यामुळे नळीची लांबी निम्मी झाल्यासारखीच.

मी आखूड आणि रुंद नळ्या आखल्या. दोन महिने ॲल्युमिनियम कापणे, वेल्डिंग, घासणे. खर्च अर्थात शेजाऱ्याचा. ताकद मोजण्याच्या यंत्रावर ८००० फेऱ्यांना आकडा चांगलाच वाढला. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. आणि ट्रॅकवर गाडी पूर्वीपेक्षा एक दशांश सेकंद उशिरा पोचली. ऐकायला थोडे वाटते, पण त्या वेगाला शेवटच्या रेषेशी ते पाच मीटरहून जास्त अंतर होते. अख्खी गाडी मागे!

शेजारी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी माझ्या शेजारी बस आणि काटा बघ."

सरावाच्या फेरीत बसलो. गिअर बदलला की काटा ८००० वरून ६००० वर यायचा आणि पुन्हा चढू लागायचा. ज्या आकड्यावर मी खूश होतो, तिथे इंजिन क्षणभरच असायचे. बाकी सगळा वेळ ते चढावर, आणि नेमका तिथेच माझा मॅनिफोल्ड दुबळा!

मग नळ्या थोड्या लांब आणि अरुंद केल्या. यंत्रावरचा मोठा आकडा खाली आला. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण गाडी मूळच्या वेळेपेक्षाही लवकर पोचली.

आता कुणी इंजिनाची कमाल ताकद कौतुकाने सांगू लागला, की मी आधी विचारतो, "गिअर बदलल्यावर काटा कुठे येतो?"