सर्व्हरवर कुठली ओएस टाकू?

खालापूरच्या मित्राने फार्महाऊस बुकिंगसाठी व्हीपीएस घेतला, एक जीबी रॅमचा. विचारतो, "ओएस कुठली टाकू?" म्हटलं, आधी अपडेट्स कधीपर्यंत मिळणार ते बघ. सेंटओएस 8 ला 2029 पर्यंत मिळणार होते. डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झालं, 2021 संपताच बंद! लोकांना घाईघाईत साइट्स हलवाव्या लागल्या. गिऱ्हाइकांचे फोन नंबर असलेला सर्व्हर सिक्युरिटी अपडेटशिवाय कसा ठेवणार?

डेबियन किंवा उबंटू एलटीएस घे, साधारण पाच वर्षं निभतात. विंडोज सर्व्हर एवढ्याशा रॅमवर नुसता धापा टाकेल. डेस्कटॉपही नको, कर्जतला पावसात नेटवर्क रडत असलं तरी एसएसएच कसंबसं चालतं.

आणि हो, ओएस बदलायचीच तर मे महिन्यात बदल. जुलैच्या शनिवारी भिवपुरीच्या धबधब्यावर येणाऱ्यांची बुकिंग्ज असतात रे!