खेळातून स्मरण, खेळातून तर्क

वाचलेले पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवले, तर ते जास्त टिकते. शैक्षणिक खेळांचा मुख्य आधार हाच आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तपासला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

वारकरी परंपरेत हा सराव मुरलेला आहे. या परंपरेतला कीर्तनकार निरूपणाच्या ओघात अभंगांची प्रमाणे तोंडपाठ देतो. घरोघरच्या भेंड्यांतही तेच घडते: शेवटचे अक्षर मिळाले की त्यावरून सुरू होणारे गाणे मनातून शोधून काढावे लागते.

महाविद्यालयात याच भेंड्या अभ्यासक्रमाच्या करता येतात. एका गटाने संज्ञा सांगावी. दुसऱ्याने तिची व्याख्या, उदाहरण आणि तिच्याशी जोडलेली पुढची संज्ञा द्यावी. तोच खेळ आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने खेळावा. अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक काळ टिकते.

तर्कासाठी कोड्यांची वाट जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त भुंगे, हंस, साप-मोर यांच्या कोड्यांतून गणित मांडले. आजच्या वर्गात एकाने चार अंकी संख्या मनात धरावी आणि प्रत्येक अंदाजानंतर किती अंक बरोबर आले, एवढेच सांगावे. खेळणाऱ्याने प्रत्येक वेळी कोणत्या शक्यता बाद झाल्या व का, हे बोलून दाखवावे. कारण सांगण्याच्या या अटीमुळेच तर्क घडतो.

खेळांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. बुद्धिबळातील निष्णात खेळाडू प्रत्यक्ष डावातील सोंगट्यांची मांडणी क्षणात लक्षात ठेवतो. त्याच सोंगट्या वाटेल तशा मांडल्या की त्याची आघाडी जवळजवळ संपते, असे १९७३ साली चेस आणि सायमन यांना आढळले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. सराव केलेल्या कामांत ते सुधारले, पण इतर कामांत तो लाभ उतरला नाही.

खेळाने तेच बळकट होते, जे खेळात आठवावे आणि पटवून द्यावे लागते. म्हणून प्राध्यापकांनी अभ्यासाबाहेरचा खेळ आणण्यापेक्षा अभ्यासाचाच खेळ करावा.