आपल्या डोक्यावरची पडीक जमीन



परीक्षेच्या दिवसांत मी पालकांच्या घरी जातो. शेवटच्या मजल्यावरच्या मुलांची तक्रार एकच असते, "सर, दुपारी खोलीत बसवत नाही." रात्रीही पंखा गरम वाराच देतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मगरिबनंतर ती उष्णता खाली सोडीत राहतो. वरच्या खोलीचे भाडे कमी असते ते त्यामुळेच. आणि कमी भाडे परवडणाऱ्याच्याच मुलाला तेथे अभ्यास करावा लागतो. म्हणून आज गच्चीवरच्या हिरवळीविषयी चार शब्द बोलणार आहे.

गच्चीवर मातीचा थर आणि झाडोरा असला की ऊन स्लॅबपर्यंत पोहोचत नाही. शिवाय पाने आणि ओली माती यांतून पाण्याची वाफ होत राहते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे पंधरा लिटरची एक बादली विजेच्या दहा युनिटांइतकी उष्णता घेऊन जाते. ही सारी उष्णता स्लॅबमधलीच असते असे नाही, हवेतलीही असते. पण घरातला माठ ज्या नियमाने पाणी गार ठेवतो तोच नियम येथे आहे. दिवसा तापणे आणि रात्री निवणे याने स्लॅबला ज्या बारीक चिरा पडतात, त्याही हिरवळीखाली कमी पडतात. गळतीच्या दुरुस्तीचे बिल ज्यांनी भरले आहे, त्यांना याचे मोल समजेल.

पावसाचेही तसेच. शंभर चौरस मीटर गच्चीवर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी एकदम गटारात जाते. मातीचा चार इंचांचा थर नेहमीच्या सरीचे बरेचसे पाणी धरून ठेवतो आणि उरलेले सावकाश सोडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसला पाऊस कोणतीही गच्ची अडवणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात नव्या सपाट छपरांवर हिरवळ सक्तीची आहे. कॅनडातील टोरोंटोने २००९ साली मोठ्या नव्या इमारतींसाठी तसा नियम केला. पण आपणास इतके दूर जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून कचऱ्यातून माती करण्याची विद्या घरोघर नेली. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाज्या व फळे पिकवीत. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ साली श्रीमती प्रीती पाटील यांनी त्याच स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर बाग उभी केली. जो कचरा गाडीत भरून पाठवावयाचा, तोच माती झाला.

आता माझी चूक सांगतो. मी पहिल्या वर्षी उत्साहाने थेट स्लॅबवरच माती पसरली. पावसाळ्यात खालच्या काकांच्या छताला ओल आली. त्यांनी मला बोलून दाखविले नाही, नुसते वर बोट केले! तेव्हा आधी कोबा तपासून घ्यावा, पाणी जाण्याची तोंडे मोकळी ठेवावीत आणि मगच सुरुवात करावी. वजनाचाही विचार हवा. ओल्या मातीचा चार इंचांचा थर दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो भरतो. वापरातल्या गच्चीसाठी बांधकामाच्या मानकात धरलेला वापराचा भार दीडशे किलो आहे. म्हणून नुसती माती नको. चिपाडे, वाळलेला पाला आणि खत मिसळले की भार पुष्कळ हलका होतो. चिपाडे रसवंतीवाला आनंदाने देतो. जुन्या इमारतीत मात्र इंजिनिअरला विचारल्यावाचून काहीही करू नये. तेथे कडेच्या भिंतीलगत चार कुंड्या ठेवल्या तरी चालतील.

पैशाचे म्हणाल तर श्रीमंत कोणी होणार नाही. कोथिंबीर, पुदिना, मिरची, मेथी यांचा रोजचा खर्च वाचतो. (पालकहो, पालकही लावा!) पाण्याची अडचण सांगाल, तर वजूचे पाणी एका टाकीत साठविता येईल, ते साबणाचे नसते.

लावलेल्या रोपाचे माणसाने, जनावराने वा पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, या अर्थाची हदीस आपण सर्व जाणतो. चिमण्यांनी माझी मेथी अर्धी खाल्ली तेव्हा मला तीच आठवली.

आपल्या शाळेची गच्ची मोठी आहे आणि तिच्याखाली दहावीचे वर्ग बसतात. ती तपासून घेण्यास कार्यकारिणीने होकार दिला, तर दर रविवारी अस्रनंतर मी तेथे असेन. आठ विद्यार्थी आणि घरची भाज्यांची देठे, एवढेच मला आपल्याकडून हवे आहे.