हिरण्यकेशीचा उगम आणि आपले उत्तरदायित्व

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आंबोलीचे नाव घेतले की धबधबे आठवतात. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरील हे गाव वेंगुर्ले बंदर आणि बेळगाव यांना जोडणाऱ्या घाटरस्त्यावर वसले आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि येथेच रिते होतात. त्यामुळे वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस या गावाच्या वाट्याला येतो. जून ते सप्टेंबर या काळात घाटातील मुख्य धबधब्यापाशी पर्यटकांची रीघ लागते.

परंतु आज मला बोलायचे आहे ते गर्जत कोसळणाऱ्या पाण्याविषयी नव्हे, तर शांतपणे उगवणाऱ्या पाण्याविषयी. गावापासून थोड्या अंतरावर एका गुहेतून झरा बाहेर पडतो. तेथे हिरण्यकेशीचे मंदिर आहे. पार्वतीच या ठिकाणी हिरण्यकेशीच्या रूपाने प्रकट झाली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी होते. मंदिरापुढील कुंडातून निघालेले पाणी पूर्वेकडे वळते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर या गावांजवळून वाहत जाऊन घटप्रभेला मिळते, आणि घटप्रभेतून कृष्णेला. म्हणजे एकाच गावावर पडलेल्या पावसाचा एक वाटा घाट उतरून अरबी समुद्राला जातो, तर दुसरा अवघे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला! आंबोलीची ग्रामपंचायत या अर्थाने दोन समुद्रांच्या पाणलोटाची राखणदार आहे.

या कुंडात आणि त्याच्या प्रवाहात राहणाऱ्या एका इवल्याशा माशाचे शास्त्रीय वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले. संशोधकांनी त्याला नदीचेच नाव दिले: ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. पुढे २०२१ साली महाराष्ट्र शासनाने या परिसराला जैविक विविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. त्याआधी, २००९ साली, ‘आंबोली टोड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भेकाची नवी जात म्हणून नोंद झाली होती. जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ डबक्यांत हा प्राणी अंडी घालतो. सातबाऱ्यावर आपण ज्याला पोटखराबा म्हणतो, तो सडा कोणाचे तरी बाळंतघर असतो, हे यावरून ध्यानात यावे.

आता आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न येईल, आणि तो अगदी रास्त आहे : एवढ्याशा माशासाठी गावाने आपली वहिवाट सोडायची काय? देवाला जायचे नाही, गुरे पाजायची नाहीत, असे उद्या कोणी सांगितले तर?

या भीतीचे उत्तर कायद्यातच आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ याच्या कलम ३७ नुसार राज्य शासन वारसा स्थळ घोषित करते ते स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांचा आशयही असा की, स्थानिक लोकांनी स्वेच्छेने ठरविलेल्या बंधनांपलीकडे त्यांच्या रूढ वापरावर या घोषणेमुळे निर्बंध येऊ नयेत. तेव्हा हे फर्मान नव्हे. ही गावावर सोपविलेली ठेव आहे. मात्र ठेव सांभाळणारा जागा असला पाहिजे. ग्रामसभेने स्वतः नियम केले नाहीत, तर फलक तेवढा उभा राहील आणि झरा वाऱ्यावर सुटेल.

एकाच झऱ्यात सापडलेल्या जिवाला दुसरे घर नसते. कुंडात साबणाने धुतलेली वस्त्रे, निर्माल्यासोबत सोडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुण्य म्हणून किंवा डास मारण्यासाठी बाहेरून आणून सोडलेले मासे यांपैकी कोणतीही एक गोष्ट त्याला पुरेशी घातक ठरू शकते. उगम बिघडला म्हणून नदी त्याच दिवशी आटत नाही, हे खरे. पण जे पाणी माशाला सोसवत नाही, ते खालच्या गावांनी निर्धास्तपणे का प्यावे? मासा हा त्या पाण्याचा साक्षीदार आहे.

झऱ्याचे आयुष्य वरच्या डोंगरावर ठरते. जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी मुरते आणि खाली झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. सड्यावर उत्खनन झाले, उतारावरील झाडी तुटली की पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. मुसळधार पावसाच्या कोकणात उन्हाळ्यात अनेक वाड्यांना टंचाई भासते, त्यामागेही पाणी न थांबणे हे मोठे कारण आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पंचायत सदस्यांनी कलम ४१ खालील जैवविविधता व्यवस्थापन समिती केवळ कागदावर न ठेवता तिच्या नियमित सभा घ्याव्यात; लोक जैवविविधता नोंदवही वडीलधाऱ्यांना आणि गुराख्यांना विचारून भरावी, कारण कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. धबधब्यावरील कचऱ्याची व्यवस्था पावसाळ्यापूर्वीच ठरवावी, व तीत स्थानिक दुकानदारांना सहभागी करून घ्यावे.

शिक्षकांनी शाळेत पर्जन्यमापक बसवून मुलांकडून रोजची नोंद ठेवावी. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. ७,००० मिलिमीटर पावसाच्या गावात १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ७ लाख लिटर पाणी पडते. हे गणित मुलांनी स्वतः मांडले, तर छपराखाली टाकी का हवी, हे घरी समजावण्याचे काम तीच करतील.

अधिकारी बंधूंना विनंती एवढीच, की सड्याला पडीक जमीन समजून कोणताही प्रस्ताव पुढे पाठविण्यापूर्वी एकदा पावसाळ्यात तेथे उभे राहावे.

पूर्वजांनी उगमापाशी मंदिर बांधले आणि पाण्याला देवत्व दिले. शास्त्राने त्याच पाण्यात दुर्मीळ जीव दाखविला, कायद्याने त्याला संरक्षण दिले. श्रद्धा, शास्त्र आणि कायदा एकाच झऱ्याकाठी येऊन मिळण्याचे भाग्य फार थोड्या गावांना लाभते. आता उरते ते काम ग्रामसभेचे. ते आपण येत्या पावसाळ्यापूर्वीच हाती घ्याल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.