परमनंटचं सातपूर



सातपूर उतरणीला का लागलं, असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: कंपन्या गेल्या. काही गेल्या, हे खरं. पण त्र्यंबक रस्त्याने जरा पुढे जा. महिंद्राच्या गाड्या अजून बाहेर पडतात, सिएटचे टायर निघतात, शिफ्ट सुटली की रस्ता आजही भरतो. 1982च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावात गिरण्याच थांबल्या, पुढे त्यांच्या जमिनीही विकल्या गेल्या. सातपूरचं तसं झालेलं नाही. इथे यंत्रं चालू आहेत आणि तरी वस्ती खंगते आहे, हे मला जास्त गंभीर वाटतं.

सातपूर मुळात नाशिकच्या पश्चिमेचं शेतकऱ्यांचं गाव. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि लवकरच गावच्या शिवारात प्लॉट पडले. 'नाईस' ही सहकारी औद्योगिक वसाहतही इथलीच. मायको आली, पाठोपाठ इतर कारखाने आले, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉप्स गल्लोगल्ली निघाली. बहात्तरच्या दुष्काळाने गावाकडचं पोट तुटलेली, आयटीआय केलेली पोरं खानदेशातून, मराठवाड्यातून आली. हाउसिंग बोर्डाने त्यांच्यासाठी सातपूर कॉलनी बांधली. गावाची नगरपालिका झाली. 7 नोव्हेंबर 1982 रोजी नाशिक महापालिका अस्तित्वात आली, तेव्हा नाशिक आणि नाशिकरोड-देवळालीच्या बरोबरीने सातपूर नगरपालिकाही तिच्यात विलीन झाली.

हे सगळं कशाच्या जोरावर? माझं उत्तर एका शब्दात आहे: परमनंट. ट्रेनी म्हणून लागलेला पोरगा परमनंट झाला की पेढे वाटले जात, आणि मुलीकडचे लोक स्थळ घेऊन येत. किराणा दुकानदार उधारीच्या वहीत नावापुढे कंपनी लिहून ठेवी. तेवढी नोंद त्याला तारणासारखी पुरे. सोसायटीचं कर्ज मिळे. त्या कर्जातून बोर्डाच्या घरावर स्लॅब पडे, मागे मोरी वाढे, पुढे ओटा बांधला जाई. सातपूरच्या अशोकनगरात श्रावणात खानदेशची कानबाई बसू लागली, रोटांसाठी भाऊबंद एका घरी जमू लागले. कुळाची देवी माणूस भाड्याच्या, तात्पुरत्या जागेत मांडत नाही. 'आता आपण इथलेच' असं ठरवूनच ही माणसं राहिली होती.

मग वारं फिरलं. 2000 साली बोलेरो आणि 2002 साली स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यातून रस्त्यावर आल्या, तेव्हा सातपूरच्या व्हेंडरांनी नवी यंत्रं घेतली. पण महिंद्राचा पुढचा मोठा कारखाना 2010 साली चाकणला सुरू झाला. मायको 2008 साली बॉश झाली. तिथलं मुख्य काम डिझेल इंजिनाच्या इंजेक्टर-नोझलचं. 2020 साली बीएस-6 हे धुराचं कडक मानक आलं, छोट्या गाड्यांमधून डिझेल मागे हटलं. विजेच्या गाडीला तर नोझल लागतच नाही. या घडामोडींवर सातपूरचा काहीच ताबा नव्हता.

परमनंट भरती आटणं मात्र माणसांनी ठरवून केलेलं आहे. निवृत्त होणाऱ्याची जागा कंत्राटी कामगार घेऊ लागला. वर्षात 240 दिवस भरले की कायदा ती सलग सेवा मानतो, म्हणून त्याआधीच 'ब्रेक' द्यायचा. सात महिने या गेटवर, पुढचे सात महिने दुसऱ्या, कॉन्ट्रॅक्टर तिसराच. लाइन तीच, जॉब तोच, शेजारच्या परमनंट कामगाराच्या पगाराचा थोडासाच हिस्सा हातात. त्याला दुकानदार उधार देत नाही, बँक दारात उभी करत नाही. मधल्या काळात वर्गणी भरली गेली नाही, तर ईएसआयचा आधारही पुढे सुटतो. कारखान्याचं उत्पादन या सगळ्याने कमी झालं नाही. सातपूरच्या बाजारात खेळणारा पैसा कमी झाला. नवी गुंतवणूक आली की किती कोटी आणि किती रोजगार एवढंच छापून येतं. त्यातले किती जण कायम होणार, हे उद्योगमंत्र्यांना भर सभेत विचारायला हवं, आणि विचारणारे आपणच असायला हवेत.

कॉलनीतल्या कुठल्याही घरात आज ही गोष्ट मजल्यांनिशी दिसते. खाली निवृत्त कामगार काका आणि त्यांची पत्नी. ईपीएस-95ची पेन्शन, तिची किमान रक्कम 2014 साली 1000 रुपये ठरली, ती अजून तेवढीच आहे. मुलगा पुण्याला, आयटीत किंवा चाकणला. परमनंटच्या पगारातून चढवलेल्या वरच्या मजल्यावर चार-पाच कंत्राटी पोरं भाड्याने, बहुतेक परजिल्ह्यातली, आता परप्रांतातलीही. काकांनी ज्या गेटमधून तीस वर्षं ये-जा केली, त्याच गेटमधून ही पोरं आत जातात. काकांच्या औषधांचा खर्च त्यांच्या भाड्यातून निघतो. पोरांना ब्रेक मिळाला की खोली रिकामी होते, आणि त्या महिन्यात मेडिकलवाल्याकडे काकांची उधारी लागते.