घरची इयत्ता कोणती?

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या इयत्तेची चिंता आईबापांस फारशी करावी लागत नाही. विदर्भात जूनच्या अखेरीस शाळा उघडली, की सातवीतला मुलगा आठवीच्या खोलीत जाऊन बसतो आणि त्याला खरोखर आठवी झेपते की नाही, हे पुढे चाचणी परीक्षा पाहून घेते. घरी शिकणाऱ्या मुलाचे तसे नाही. तेथे खोली एकच, बाक एकच, आणि कोणते पुस्तक उघडावयाचे हे ठरविणारेही घरचेच. मूल लहान असेतोवर हा प्रश्न फारसा बोचत नाही. हायस्कूलच्या उंबरठ्यावर मात्र तो एकाएकी मोठा होतो, कारण येथून पुढचा प्रत्येक धडा दहावीच्या परीक्षेला बांधलेला असतो.

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे नागपूर-रायपूर महामार्गावरील गाव. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या लोहमार्गावरही ते आहे. भोवती धानाच्या बांध्या, आणि पावसाळ्यात रोवणीची धांदल. अशा गावातील एक घर डोळ्यांपुढे आणावे. मुलगी चौदा वर्षांची, बुद्धीने चांगली; परंतु सिकलसेलच्या व्याधीने ग्रासलेली. हा रक्ताचा आनुवंशिक विकार विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत पुष्कळ आढळतो. थंडी, अतिश्रम, पाणी कमी पिणे, अशा निमित्ताने हातापायांत आणि पाठीत असह्य कळा सुरू होतात व आठ-आठ दिवस अंथरूण सुटत नाही. आठवीचे निम्मे वर्ष मुलीने असेच काढले. प्रगतिपुस्तकावर ती आठवी झाली. आता पुढचे एक-दोन वर्षे घरीच शिकवावे, असे घरात ठरले. आणि ठरताक्षणी तीन मते झाली.

वडिलांचे म्हणणे, नववीची पुस्तके आणावीत. पोरीचे वर्ष वाया का घालवावे? नागपूरच्या मामांचे म्हणणे त्याच्याही पुढचे: मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक परीक्षेस चौदा वर्षे पुरी असली म्हणजे झाले, तेव्हा नववी हवी कशाला, एकदम दहावीच करून टाकावी. आईला वाटते, आठवीच पुन्हा पहिल्यापासून घ्यावी, कारण गणिताची वही उघडली की मुलगी गप्प होते हे तिने पाहिले आहे.

तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे आहे, परंतु तिघेही एकच गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही की, मुलीची इयत्ता एकच असली पाहिजे. शाळेला एकच इयत्ता लागते, कारण तिला चाळीस मुले एका खोलीत बसवावयाची असतात. घराला ही अडचण नाही. तेथे मराठी नववीची, गणित आठवीचे आणि इंग्रजी सातवीची असू शकते. आणि आजाराने खंड पडलेल्या मुलाच्या बाबतीत ती बहुधा तशीच असते. ‘कितवीत आहे?’ या लग्नकार्यातील प्रश्नाला उत्तर देताना आईबापांची थोडी पंचाईत होईल, इतकेच.

मग प्रत्येक विषयाची पातळी ओळखावी कशी? त्यासाठी बाजारातील महागड्या चाचण्या विकत घेण्याचे कारण नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके पुरेशी आहेत. ती स्वस्त आहेत व संगणकावर फुकटही मिळतात. गणितापासून आरंभ करावा, कारण त्याचेच दुखणे सर्वांत खोल असते. आठवीच्या पुस्तकात विस्तार सूत्रे, बैजिक राशींचे अवयव, एकचल समीकरणे, चक्रवाढ व्याज ही प्रकरणे आहेत. नववीत बहुपदी आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे येतात, दहावीत वर्गसमीकरणे. ही एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. क्ष वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा, याचे क्ष अधिक दोन व क्ष अधिक तीन असे अवयव ज्या मुलीला पाडता येत नाहीत, तिच्यापुढे दहावीचे वर्गसमीकरण ठेवले तर ती सूत्र पाठ करील, त्यात आकडे घालील आणि उत्तरही कदाचित बरोबर काढील. पण उदाहरणाचे शब्द बदलले, की तिचे बळ संपले. मामांच्या योजनेत धोका आहे तो हा.

प्रत्येक प्रकरणाच्या सरावसंचातील तीन-चार उदाहरणे मुलीला एकटीने सोडवावयास द्यावीत. दिवस बरा असताना, सकाळच्या वेळी, अर्ध्या तासाहून अधिक नाही. दुखणे उठलेल्या दिवशी घेतलेली परीक्षा दुखण्याची परीक्षा होते, गणिताची नव्हे. वही तपासताना बरोबर किती व चूक किती एवढेच मोजू नये. उदाहरण सुटले तर ते प्रकरण सोडून पुढे जावे. अडखळली, पण पुस्तकातील एक नमुना पाहताच ‘हो, हे आले होते’ असे म्हणून सोडवू लागली, तर तेथे उजळणी पुरे, आठवडाभराचे काम. मात्र सोडवलेले उदाहरण समोर असूनही ‘असे का केले?’ याचे उत्तर तिच्यापाशी नसेल, तर तेच तिचे खरे स्थान. तेथूनच आरंभ करावा, मग ते प्रकरण आठवीचे असो की सहावीच्या अपूर्णांकांचे. आईने वहीसमोर मुलीला गप्प झालेली पाहिली, ते निरीक्षण योग्यच होते. परंतु त्यावरून सगळी आठवी पुन्हा करावी असे निघत नाही. ज्या पानावर ती गप्प होते, ते पान तेवढे शोधावयाचे.

शास्त्राची गोष्ट निराळी आहे. त्याची पुष्कळशी प्रकरणे एकमेकांपासून सुटी असतात. आरोग्याचा धडा न वाचता प्रकाशाचा धडा कळतो. अपवाद रसायनाचा. आठवीत अणूचे अंतरंग नीट समजले नसेल, तर नववीतील द्रव्याचे मोजमाप आणि दहावीतील मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण ही केवळ घोकंपट्टी होते. तेव्हा शास्त्र नववीचे घ्यावे व अणूचा तेवढा धडा मागे जाऊन करावा. इतिहास-भूगोलाच्या पातळीचा घोर करूच नये. वाचणारी मुलगी ते कोणत्याही वर्षी वाचील.

भाषेविषयी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. झाडीपट्टीत घरची बोली झाडीबोली. पुस्तकी मराठीपेक्षा तिचे प्रत्यय निराळे, शब्द निराळे. मुलगी बोलते तशी लिहिते म्हणून तिची मराठी कच्ची ठरविणे हा अन्याय होय. वर्तमानपत्रातील एक स्तंभ वाचावयास द्यावा व त्यात काय म्हटले आहे ते तिच्या शब्दांत सांगावयास लावावे. आशय पुरा आला तर तिचे वाचन नववीच्या जोगते आहे. लेखनाचे वळण सरावाने येते.

शिक्षण आणि प्रमाणपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा विसर पडला म्हणजे पातळीची निवड चुकते. अनंतशास्त्री डोंगरे व लक्ष्मीबाई यांनी आपल्या मुलीला रानावनांत संस्कृत शिकविले, तेव्हा इयत्ता कोणी विचारली नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी समोर बसवून परीक्षा घेतली आणि रमाबाई ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ झाल्या. आज विद्वत्सभा पदव्या देत नाहीत, मंडळे देतात. मुंबईच्या मालविका जोशीचे उदाहरण वर्तमानपत्रांतून गाजले आहे. सातवीच्या सुमारास आईने तिला शाळेतून काढून घरी शिकविले. संगणकाच्या आज्ञावलीत तिची गती अशी, की आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळविली, आणि चेन्नईच्या गणित संस्थेने तिची तयारी पाहून तिला एम. एस्सी.च्या पातळीच्या वर्गात बसू दिले. म्हणजे पातळीचा निवाडा तेथे ज्ञानावर झाला. पण बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आय. आय. टी.चे दार तिला बंद होते. २०१६ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी.ने पदकांच्या बळावर तिला प्रवेश दिला, ही आनंदाची वार्ता खरी; परंतु ज्या घरात ऑलिंपियाडची पदके येण्याची चिन्हे नाहीत, अशा बहुसंख्य घरांनी प्रमाणपत्राची वाट मोकळी ठेवलेलीच बरी.

त्या वाटा कोणत्या? राज्य मंडळाची दहावी बाहेरून, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून, देता येते. गोंदियाचा कारभार नागपूर विभागीय मंडळाकडे असतो. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो जपून ठेवावा. महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही काढले. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. ही संस्था केंद्र सरकारने १९८९ मध्ये स्थापिली. तिच्या माध्यमिक परीक्षेस पाच विषय पुरतात, त्यांत एक तरी भाषा हवी, आणि मराठी माध्यमही आहे. सर्वांत मोलाची सोय ही, की नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि विषय सुटे सुटे देता येतात. ज्या मुलीला मार्चमध्ये आपली प्रकृती कशी असेल हे डिसेंबरात सांगता येत नाही, तिला ही सोय वरदानासारखी आहे. एप्रिलात दोन विषय झाले व तिसऱ्याच्या आदल्या रात्री कळा उठल्या, तर तो विषय ऑक्टोबरात होतो.

मामांचा मुद्दा येथे अर्धा मान्य करावा लागतो. चौदा वर्षांचे वय नोंदणीस पुरते, आणि नोंदणी करण्यास हरकत नाही. पण पाच वर्षांची मुदत हाती असताना पाचही विषय पहिल्याच वर्षी उरकण्याची घाई कोणासाठी? जे विषय दहावीच्या पातळीस आले ते आधी द्यावेत, गणित शेवटी. आणखी एक फसगत टाळावी. या संस्थेत गणित किंवा विज्ञान न घेताही माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण होता येते. मुलगी गणिताला भिते म्हणून त्याऐवजी सोपा विषय घालण्याचा मोह घरच्यांस होतो. दोन वर्षांनी तीच मुलगी परिचारिका किंवा डॉक्टर होऊ म्हणते, आणि विज्ञान शाखेच्या दाराशी अडते. दवाखान्यात आयुष्याचे इतके दिवस काढलेल्या मुलीच्या मनात तो विचार येणे अगदी स्वाभाविक आहे.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांपुढे हाच पेच दुसऱ्या वेषात येतो. केंब्रिजच्या परीक्षेत गणिताचे ‘कोअर’ व ‘एक्स्टेंडेड’ असे दोन स्तर आहेत. केंद्रीय मंडळानेही २०२० च्या दहावीपासून ‘बेसिक’ व ‘स्टँडर्ड’ असा भेद केला. सोपा स्तर घेतला तर वर्ष सुखाने जाते, पण पुढच्या काही वाटा अरुंद होतात. केंब्रिजच्या ‘कोअर’मध्ये तर कितीही उत्तम लिहिले तरी सर्वांत वरच्या श्रेणी मिळतच नाहीत. तेथेही आधी पुढे काय करावयाचे ते पाहावे, मग स्तर ठरवावा.

सौंदडच्या त्या घराने शाळेशी असलेला संबंध एकदम तोडण्याचीही गरज नाही. शिक्षणहक्काच्या कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांस घरी शिक्षण घेण्याचा हक्क दिला आहे. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल हा विकार आपल्या यादीत घेतला आहे. मुलीची व्याधी किती तीव्र हे सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्रावर ठरेल. ते आधी मिळवावे, मुख्याध्यापकांस दाखवावे, परीक्षेतील सवलतींचीही चौकशी करावी, आणि मगच दाखल्याचा अर्ज करावा की नाही ते पाहावे. दाखला काढणे एका दिवसाचे काम आहे. पटावर नाव पुन्हा चढविताना मात्र खेपा पडतात.

तेव्हा आणावयाच्या पुस्तकांची यादी अशी होईल: मराठी आणि शास्त्र नववीचे, गणिताची आठवीची व नववीची अशी दोन्ही वर्षांची पुस्तके, इंग्रजीचे सातवीपासूनचे. रोज गणित पाऊण तास, तेही सकाळी. बाकीचे जमेल तसे. अंथरुणावरच्या दिवसांत आईने किंवा धाकट्या भावाने इतिहासाचा धडा मोठ्याने वाचावा, उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला ठेवावा, आणि वहीस त्या दिवशी हात लावू नये. दिवाळीनंतर, धानाची कापणी आटोपली म्हणजे, मामांनी नागपूरहून यावे व तेच सरावसंच पुन्हा एकदा मुलीपुढे ठेवावेत. गणिताची पातळी तोवर कोठे पोहोचली आहे ते पाहूनच एप्रिलच्या परीक्षेस कोणते दोन विषय द्यावयाचे हे ठरेल.