पेटीला दोन भोकं

दादरा-नगर हवेलीतून, पालघर-नाशिकहून, वापी-वलसाडहून आलेले साऊंडवाले, बॅटरीवाले, ऑटो इलेक्ट्रिशियन, गाडीत प्लायचं काम करणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्ष म्हणून तुम्ही मला बोलावलंत. मी जव्हारचा. चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो आहे. भाषणं करायची सवय नाही, पण आज जे बोलायचं आहे ते पुष्कळ वर्षं मनात साठलेलं आहे.

सिल्वासात आवाजाच्या धंद्यातला माणूस बोलायला उभा राहिला की त्याला १९५४ साल आठवलं पाहिजे. त्या वर्षी २ ऑगस्टला हे गाव पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडके होते. त्या मोहिमेसाठी पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी पुण्यात हिराबागेत गाण्याचा कार्यक्रम केला होता. म्हणजे ज्या मातीवर आज आपण बसलो आहोत, तिच्या मुक्तीत गाण्याचाही वाटा आहे. आवाजाबद्दल मी पुढे काही कडक बोलेन, तेव्हा मी आवाजाचा वैरी आहे असं कुणी समजू नये. आवाजावरच माझं घर चाललं.

आता मूळ मुद्दा. गाडीतल्या साऊंडची स्पर्धा आता आपल्या पोरांना नवी राहिलेली नाही. अमेरिकेत वेन हॅरिस यांनी 'डीबी ड्रॅग रेसिंग' रुजवलं. गाडी बंद करायची, आत सेन्सर लावायचा, काही सेकंद बेस सोडायचा आणि मीटरवर आकडा बघायचा. तिथल्या अव्वल गाड्या १८० डेसिबलच्या पुढे गेल्या. मोबाईलवर ते बघून आपल्याकडचा पोरगा जुनी ओम्नी नाहीतर बोलेरो घेतो, मागची सीट काढतो, बेसची पेटी बसवतो आणि तुमच्या-माझ्या दारात येऊन म्हणतो, "काका, आकडा वाढवून द्या."

आकडा वाढवायला आपण काय करतो? दारांच्या फटी बुजवतो, डिकीला जाड प्लाय मारतो, रबर लावतो, फोम मारतो, आतला दाब कुठूनही निसटू देत नाही. फट बुजली की मीटर चढतो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आणि याच बंद डब्यात, अँपच्या शेजारी, आपण बॅटऱ्या ठेवतो. ज्या फटीतून आवाज निसटत होता, तिच्यातूनच बॅटरीचा वायूही बाहेर जात होता. फट बुजवताना ही दुसरी गोष्ट आपण कधी ध्यानात घेतली का?

जरा हिशेब मांडू. ५००० वॅटचा अँप पूर्ण जोरात चालला तर १२ व्होल्टवर ५०० अँपिअरच्या आसपास करंट मागतो. लहान गाडीचा अल्टरनेटर ७०-९० अँपिअर देतो. उरलेलं बॅटऱ्यांनी द्यायचं. म्हणून एकाच्या चार होतात. नव्या घ्यायला पैसा नसतो, म्हणून घरातल्या इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवरच्या उंच ट्युब्युलर बॅटऱ्या उचलून गाडीत येतात. त्या बॅटऱ्या पाण्याच्या. वर बुचं, बुचांना बारीक छिद्रं. बॅटरी पूर्ण भरली आणि चार्जर तरीही चालूच राहिला, की आतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतं आणि ते त्या छिद्रांतून बाहेर पडतं. भरलेल्या सेलमधून एक अँपिअर एक तास गेला की साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. एका बॅटरीत ६ सेल. प्रत्येक बॅटरीला १० अँपिअरचा चार्जर धरला तर एका बॅटरीतून तासाला २५ लिटर, चार बॅटऱ्यांतून १०० लिटर.

हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की तो ठिणगीने पेटतो, आणि ७५ टक्क्यांपर्यंत पेटतच राहतो. तुमच्या प्लायच्या पेटीत बॅटऱ्या सोडून २०० लिटर मोकळी हवा धरा. त्याचे ४ टक्के म्हणजे ८ लिटर. पेटी पक्की बंद असेल तर तेवढा वायू जमायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पोरं तर स्पर्धेच्या आदल्या रात्रभर चार्जर लावून ठेवतात, आणि व्होल्टेज जास्त मिळावं म्हणून तो वर चढवतात.

हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. कुजक्या अंड्यासारखा वास आला की आपण म्हणतो, बॅटरी गॅस मारते. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो येतो तेव्हा बॅटरी फार पुढे गेलेली असते. वास नाही म्हणून वायू नाही, असा हिशेब धरणाराच फसतो.

मी फसलो. सांगायला मला जड जातं, पण या खुर्चीवर बसून ते लपवलं तर मी इथे यायला नको होतं. पावसाचे दिवस होते. माझ्या वर्कशॉपमध्ये एक पिकअप उभी होती, मागे दोन बॅटऱ्या चार्जिंगला. पाऊस आत येऊ नये म्हणून मीच त्यावर ताडपत्री ओढून कडा बांधून टाकल्या होत्या. सकाळी माझ्याकडच्या पोराने ताडपत्रीखाली हात घालून चिमटा ओढला. चार्जर भिंतीवर चालूच होता. चिमटा सुटताना जी ठिणगी उडते ती तुम्ही रोज बघता. तेवढीच ती होती. बॅटरीचं झाकण उडून छपराला लागलं आणि ॲसिड त्याच्या तोंडावर आलं. मी त्याला ओढत पिंपापाशी नेलं आणि वीस मिनिटं डोळ्यांवर पाणी मारत राहिलो. पाणी मारलं म्हणून डोळे राहिले, पण उजव्या डोळ्याला त्याला आजही धूसर दिसतं. चूक त्याची नव्हती. ताडपत्री मी बांधली होती. आधी भिंतीवरचं बटण बंद, मग चिमटा, हे मी त्याला कधी शिकवलं नव्हतं.

त्या ताडपत्रीचा विचार करा. आपल्याकडे गणपती येतात तेव्हा पाऊस असतोच, आणि या पट्ट्यातला पाऊस काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. म्हणून आपण झाकतो, बुजवतो, सिलिकॉन मारतो. त्या महिन्यात आपल्या गाड्या सगळ्यात जास्त वाजतात आणि त्याच महिन्यात त्या सगळ्यात जास्त बंद असतात.

तुमच्यापैकी कितीतरी जण दिवसा मसाट, पिपरिया, खडोलीच्या कंपन्यांत कामाला आहेत. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या जिथे चार्ज होतात ती जागा तुम्ही पाहिली आहे. तिथे वर एक्झॉस्ट असतो, विडी-सिगारेट बंद असते, बॅटरीवर पाना ठेवला तर सुपरवायझर ओरडतो. संध्याकाळी तोच माणूस घरी येऊन तसल्याच बॅटऱ्या प्लायच्या पेटीत कोंबतो आणि वर सबवूफर ठेवतो. त्याच्याकडे ज्ञान आहे, फक्त ते कंपनीच्या गेटपाशी राहतं. मला याचं फार वाईट वाटतं.

वायूला वाट कशी द्यायची ते आपल्या जुन्या घरांत बघा. आपल्या वारली-कोकण्यांच्या घरांना, कारवीच्या कुडाच्या घरांना, खिडक्या जवळजवळ नसत. चूल आत. तरी माणसं गुदमरत नसत, कारण भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये फट असे आणि धूर वरून निघून जाई. हलकी वस्तू वर जाते. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका आहे. तेव्हा बॅटरीच्या पेटीला दोन भोकं हवीत. एक अगदी खाली, हवा आत यायला. दुसरं अगदी वर, छताच्या सर्वांत उंच कोपऱ्यात. तिथून पाइप थेट गाडीच्या बाहेर, तोंड खाली वळवलेलं, पाऊस आत येणार नाही असं. वरचं भोक चार बोटं खाली पाडलं तर वरच्या चार बोटांत वायू साचून राहतो. आवाजाच्या पेटीशी या पेटीचा संबंध नको, मधली भिंत पक्की बंद. मग बेसचा दाबही सुटत नाही आणि मीटरचा आकडाही खाली येत नाही. स्पर्धेची गाडी आणि सुरक्षित गाडी एकच असू शकते, एवढंच मला पोरांच्या डोक्यात घालायचं आहे.

मघाच्या चार बॅटऱ्यांचा हायड्रोजन १ टक्क्याच्या आत ठेवायला तासाला १० घनमीटर ताजी हवा लागते. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा मोकळ्यात याहून कितीतरी जास्त हवा ढकलतो. पण पंखा खालच्या भोकाला लावा, ताजी हवा आत ढकलणारा. वर लावला तर वायू मोटरवरून जातो. ठिणगी उडणारी मोटर तिथे चालत नाही.

सीलबंद एजीएम बॅटरीचं काय, असं विचाराल. तिला व्हॉल्व्ह आहे, सील नाही. जास्त चार्ज केली की व्हॉल्व्ह उघडतो आणि तोच वायू बाहेर येतो. लिथियमबद्दल मात्र थोडं थांबून बोलतो. भंगारातले सेल जोडून, बीएमएसशिवाय, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटशिवाय, टेप गुंडाळून पॅक बनवणारे आपल्यातच आहेत. २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्या, तेव्हा सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं आणि ते त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने लागू केलं. त्यात पॅकमधला दाब बाहेर सोडायची वाट ठेवण्याचीही अट आहे. स्कूटरच्या लहान पॅकला जी वाट लागते, ती मागच्या डिकीतल्या आपल्या पॅकला नको का? लिथियमचा सेल पेटला की निघणारा धूर विषारी असतो. त्या गाडीत बसून राहून विझवायचा प्रयत्न करू नका. माणसं बाहेर काढा, लांब व्हा, लांबूनच भरपूर पाणी मारा.

आणि जनरेटर. २०२२ च्या जुलैअखेरीस बंगालमध्ये कूचबिहार जिल्ह्यात डीजेची पिकअप कावडियांना घेऊन चालली होती. मागच्या जनरेटरच्या वायरिंगमधून गाडीत करंट उतरला आणि दहा जण गेले. २०२४ च्या डिसेंबरात केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्यालाही वास नाही. जनरेटर गाडीच्या पोटात ठेवणाऱ्याला मी तरी यापुढे वायरिंग करून देणार नाही.

आवाजाच्या कायद्यावर फार बोलत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार इथेही चालतो, आणि रात्री दहानंतर उघड्यावर वाजवायचं नाही हे तुम्हाला पोलिसांनी पुरेसं शिकवलं आहे. हळदीला टिमलीचं गाणं वाजलंच पाहिजे हे मला मान्य आहे. शेजारी तान्हं मूल आहे का, हेही एकदा बघत जा.

मला राग येतो तो आपल्या कोटेशनचा. अँप लिहितो, केबल लिहितो, फोम लिहितो, एलईडीसुद्धा लिहितो. हवेची वाट कुणी लिहीत नाही. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज कुणी लिहीत नाही. तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल जाते, ती तापते, तिचं कव्हर वितळतं, आणि ठिणगी नेमकी बॅटरीच्या डोक्यावर पडते. गिऱ्हाईक या गोष्टी मागणार नाही, कारण त्याला त्या माहीत नाहीत. त्या माहीत असलेले आपण आहोत. गिऱ्हाईक नको म्हणाला तर गाडी परत पाठवायची तयारी आपण ठेवू का? पुढचा दुकानदार घेईल, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आज सगळे दुकानदार एका मांडवात बसलेले असताना मी हे विचारतो आहे.

बाहेर मैदानात आत्ता सतरा गाड्या उभ्या आहेत. सकाळी मी सगळ्यांच्या डिक्या उघडून बघितल्या. तीन गाड्यांना वरचं भोक आहे. उरलेल्या चौदांसाठी मी ड्रिल, होल-सॉ आणि एक इंची पाइपचा गुंडाळा जव्हारहून घेऊन आलो आहे. ड्रिल लावायच्या आधी चार्जर आणि बॅटऱ्या काढून बाहेर ठेवायच्या, दारं उघडून अर्धा तास गाड्या तशाच सोडायच्या. चहा झाला की मी तिकडेच आहे. पहिली गाडी कुणाची घ्यायची, ते तुम्ही ठरवा.